जे घासून गेलं

अण्णा ठिणगी बघून लोखंड सांगतात. कुठलाही तुकडा हातात द्या, फिरत्या दगडाला एकदा टेकवतील आणि म्हणतील, हे साधं एमएस, हे कार्बन स्टील, हे एचएसएस, आणि हे तर बीड. मी दुसरीत असेन, तेव्हा खंडेनवमीच्या पूजेला त्यांनी मला पहिल्यांदा कारखान्यात नेलं. मशिनला झेंडूची माळ होती, दगडाच्या कव्हरवर हळदकुंकवाची बोटं. पूजा आटोपल्यावर त्यांनी मला चार हात लांब उभं केलं आणि एकेक तुकडा दगडाला लावून दाखवला. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, गवताच्या काडीसारख्या सरळ जाणाऱ्या. कार्बन जास्त असला की ठिणगी जाता जाता फुटते, फुलबाजीसारखी तिला फांद्या येतात. एचएसएसची, म्हणजे हायस्पीड स्टीलची, लालसर, मंद, तुटक. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आखूड, निघाली की विझली. "लोखंड आपणहून सांगतं गं," ते म्हणाले होते, "आपण नुसतं बघायचं."

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये, ग्राइंडरवर त्यांची एकतीस वर्षं गेली. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, या मे महिन्यात, माझ्याकडे शेफील्डला आले. मी इथल्या एका इस्पितळात रेडिओग्राफर आहे. विमानतळावरून घरी येताना गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ते कानशीचे कारखाने अजून आहेत का गं इथं?" त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांकडे एक जुनी अर्धगोल कानस होती आणि तिच्यावर इंग्रजीत या गावाचं नाव ठोकलेलं होतं. उस्ताद ती कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. अक्षर अक्षर जुळवून इंग्रजी वाचणाऱ्या अण्णांना विलायतेतलं जे पहिलं गाव कळलं ते लंडन नव्हतं, शेफील्ड होतं. मी इथे नोकरी धरली तेव्हा त्यांना झालेला आनंद मला तेव्हा पुरता कळला नव्हता.

त्यांना कुठे न्यायचं हे माझं आधीच ठरलं होतं.

शेफील्डला पोलादाचं शहर म्हणतात, पण पोलादाच्या आधी इथे पाणी होतं. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली अशा पाच नद्या गावात उतरतात. नद्या म्हणायच्या, पण डॉन सोडली तर आपण त्यांना ओढेच म्हणू. पोर्टर तर इतकी लहान की उन्हाळ्यात पोरं उड्या मारून ओलांडतात. पण टेकड्यांवरून येताना थोडक्या अंतरात त्यांना भरपूर उतार मिळतो आणि चाक फिरवायला तेवढाच लागतो. जवळच्या डोंगरात दगडी कोळसा, रानात लाकूड, आणि धार लावायला लागणारा वाळूचा दगडही पंचक्रोशीतला. विकर्स्ली गावच्या खाणीतला दगड त्यासाठी नावाजलेला होता. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात एक पिठाच्या गिरणीचा मालक येतो, त्याच्या पायमोज्यात खोचलेला चाकूसुद्धा शेफील्डचा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी या पाच ओढ्यांवर मिळून शंभराच्या वर पाणचाकांच्या जागा होत्या. एकट्या पोर्टरवर वीसेक. त्यातली जी अजून पाण्यावर फिरते ती शेफर्ड व्हील.

शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, त्यामुळे मीही आधी समजत होते की इथे कधीकाळी मेंढ्या असतील. तसं नाही. १७९० च्या दशकात एडवर्ड शेफर्ड नावाचा माणूस ही जागा भाड्याने चालवायचा, त्याच्या आडनावावरून नाव पडलं. आणि शेफील्डच्या बोलीत 'व्हील' म्हणजे नुसतं चाक नव्हे. चाक, तळं, पाट, धार लावायची दालनं मिळून अख्खं ठिकाण. जागा शेफर्डच्याही खूप आधीची आहे. सोळाव्या शतकापासून तिच्या नोंदी सापडतात. १५८४ च्या एका मृत्युपत्रात बापाने पोर्टरवरची ही व्हील मुलांच्या नावे केली आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी जवळजवळ अर्धं शतक इथे कुणीतरी चाकूला धार लावत बसलेलं होतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले आणि काठी टेकून ओढ्याकडे बघत राहिले.

रविवार होता. एंडक्लिफ पार्कमधून ओढ्याच्या काठाकाठाने आम्ही वर निघालो. बागेतली बदकांची तळी हीसुद्धा जुन्या व्हील्सची साठवण तळी आहेत. कारखाने गेले, तळी राहिली आणि बदकांनी ताबा घेतला. अण्णांचं लक्ष बदकांकडे नव्हतंच. ते पाण्याचा हिशेब करत होते. पैठणजवळ बालपण गेलेल्या माणसाला पाणी दिसलं की पहिला प्रश्न पडतो तो पडलाच, "वरच्याने अडवलं तर खालच्याला कसं मिळायचं?" मी हसले नाही, कारण प्रश्न खराच होता. वरच्या व्हीलने पाणी वापरून सोडल्याशिवाय खालच्याच्या तळ्यात ते यायचं नाही. कोरड्या उन्हाळ्यात दगड थांबायचे, आणि दगड थांबला की मजुरीही थांबली. "मग जायकवाडीसारखंच," अण्णा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

शेफर्ड व्हील बाहेरून अगदी साधी आहे. दगडी भिंती, दगडी पाट्यांचं उतरतं छप्पर, मागे वरच्या अंगाला तळं. रस्त्यावरून जाणाऱ्याला गुरांचा गोठा वाटावा. १९३० मध्ये इथलं काम बंद पडलं. १९६२ साली संग्रहालय म्हणून उघडलं, १९९७ मध्ये पुन्हा बंद झालं, आणि पंधरा वर्षांनी, २०१२ मध्ये, डागडुजी होऊन चाक परत फिरू लागलं. ज्या लोकांनी मधली वर्षं ही जागा मोडून पडू दिली नाही, अर्ज केले, पैसे जमवले, तळ्यातला गाळ आणि चाकाचं लाकूड यांची काळजी वाहिली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. राजवाडा जपायला लोक पुढे येतात. ओढ्याकाठची धार लावायची खोली जपायला वेगळी माणसं लागतात.

एक स्वयंसेवक आजोबा दारात उभे होते, अण्णांच्याच वयाचे. माझ्या मध्यस्थीने त्यांना कळलं की हे गृहस्थ आयुष्यभर ग्राइंडर होते. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला, तळवा वर करून बघितला, आणि आम्हाला सरळ मागे चाकापाशी घेऊन गेले.

चाक साडेपाच मीटर व्यासाचं आहे. भिंतीला लागून उभं, ओलं, काळपट. एका तरफेने वरची झडप उचलली की तळ्यातलं पाणी चाकाच्या माथ्यावरच्या पन्हाळात येतं आणि तिथून चाकाच्या कप्प्यांत पडतं. आधी काहीच झालं नाही. पाणी पडल्याचा आवाज फक्त. एक कप्पा भरला, दुसरा भरला, आणि मग एवढं मोठं धूड झोपेतून कूस बदलावी तसं जरासं हललं. अण्णा म्हणाले, "उलटा रहाट." मला इतकी नेमकी उपमा सुचली नसती. रहाटाला बैल फिरवतो आणि गाडगी पाणी वर आणतात. इथे पाणी भरलेली गाडगी खाली जातात आणि त्यांचं वजनच बैलाचं काम करतं.

आपल्या पाणचक्कीची आठवण निघणारच होती. माझं बालपण तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात गेलं. पाहुणे आले की त्यांना पाणचक्कीला न्यायचं हे ठरलेलं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली ती चक्की, हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या नळांतून आणलेलं पाणी, उंचावरून हौदात पडणारी त्याची चादर. त्या पाण्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. तिथे धान्याचं पीठ व्हायचं. इथे पोलादाचं.

आत गेलो. दगड आणि चाकू यांच्या मधल्या जागेत माणूस कसा बसायचा ते पाहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या चाकाचा आस भिंतीतून आत येतो, त्यावरचं मोठं दातेरी चाक लहान दातेरी चाकाला फिरवतं, म्हणजे वेग वाढला. त्या दांड्यावर लाकडी ढोल, ढोलावरून पट्टे, आणि प्रत्येक पट्टा एकेका दगडाकडे. अण्णा बोटाने हवेत ही साखळी गिरवत होते. बाहेर चाक म्हातारीच्या चालीने फिरतंय आणि आत दगड भिरभिरतोय. दगडाचा खालचा भाग पाण्याच्या कुंडीत बुडलेला. त्याच्या मागे लाकडाची एक ओबडधोबड बैठक, जिच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. तिला इथे घोड्याच्याच नावाने ओळखतात. आपणही असल्या लाकडी ठोकळ्याला घोडीच म्हणतो की! ही घोडी साखळ्यांनी जमिनीला बांधलेली असायची, कारण फिरता फिरता दगड फुटला तर तो बसणाऱ्यासकट बैठक उधळून लावायचा. दगडात एखादी चीर लपलेली असली, की एका क्षणात. अण्णा वाकले आणि साखळीची कडी हातात धरून बराच वेळ तशीच चाचपत राहिले. त्यांच्या टूलरूममध्ये नवीन दगड चढवायच्या आधी तो बोटात टांगून लाकडी दांडीने हलकेच वाजवून बघायची पद्धत होती. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर बाजूला ठेवायचा. "मडकं घेताना वाजवतो तसं," ते स्वयंसेवकांना म्हणाले, मराठीतच, आणि मी भाषांतर करायच्या आधी आजोबांनी मान डोलावली, कारण अण्णांनी हाताने टिचकी मारून दाखवलीच होती.

दगड खिडकीसमोर. उजेड समोरून. कामगार दगडावर ओणवा, पातं फळीत धरलेलं, छातीचा, कोपराचा, गुडघ्याचा जोर त्याच्यावर. तासन् तास. १७९४ साली शेफर्डकडे असे दहा जण कामाला होते. त्यातल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही.

मला तिथे जे जाणवलं ते हेच, आणि ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे. शेफील्डच्या चाकूवर नाव असायचं. १६२४ पासून इथे कटलर लोकांचा, म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांचा, संघ आहे. कुणी कोणती खूण ठोकायची याची नोंद तो ठेवायचा. पण ती खूण चाकू बनवणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची. धार लावणाऱ्याचं काम म्हणजे काढून टाकणं. तो चाकूत काही घालत नाही. तो जे करतो ते पातं सोडून गेलेलं असतं: कुंडीत बसलेला पिवळट गाळ, भिंतीवर उडालेले शिंतोडे, लोखंडाचा आणि दगडाचा कीस. लोहाराची कारागिरी पात्यात दिसते. याची कारागिरी जे घासून गेलं त्यात असते, आणि गेलेलं कोण बघतं? वर गंमत अशी की चाकू विकला जातो तो धारेवर. दगडही झिजत जातो. दगड, पातं आणि माणूस तिघंही थोडे थोडे संपत असतात, आणि तिघांचा गाळ एकाच कुंडीत. म्हणून ही खोली मला महत्त्वाची वाटते. पात्यावर नाव नसलेल्या माणसांची एवढीच जागा आहे.

ही माणसं बहुतेक स्वतंत्र होती. कुंडी भाड्याने घ्यायची, काम उक्तं आणायचं. शेफील्डमध्ये अशा छोट्या कारागिराला 'लिटल मेस्टर' म्हणत. मेस्टर हा मास्टरचा इथला उच्चार. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर 'मेस्त्रे' आला आणि त्याचा मेस्त्री झाला. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये एकच. अण्णांना कारखान्यात सगळे मेस्त्रीच म्हणायचे. नवीन इंजिनिअर पोरंसुद्धा, "मेस्त्री, एवढं बघून द्या." मी हे स्वयंसेवकांना सांगितलं, तेव्हा ते अण्णांकडे वळून म्हणाले, "मेस्टर." अण्णांनी हात जोडले.

मग बोलणं धुळीवर आलं. ते मीच काढलं, कारण माझ्या कामात मला ती दिसते. सिलिकाची धूळ छातीत बसली की एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात, मोहरी सांडावी तसे. एकदा बसली की ती निघत नाही. शेफील्डमध्ये या दुखण्याला ग्राइंडरचा दमा म्हणायचे. ओल्या दगडावर धूळ कमी उडते. पण जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासत, आणि नवा दगड गोल करून घ्यायचं कामही कोरडंच. अर्नोल्ड नाइट नावाच्या इथल्या डॉक्टरांनी १८३० च्या सुमारास हे सगळं लिहून ठेवलं. शहरात अडीच हजार धार लावणारे, त्यातले काटे घासणारे दीडशे: ऐंशी पुरुष आणि सत्तर मुलं. हे काटे घासणारे अठ्ठावीस ते बत्तीस या वयात मरतात. वस्तरेवाले चाळीस ते पंचेचाळीसमध्ये. जेवणाच्या सुऱ्या ओल्या दगडावर घासणारे चाळीस ते पन्नासमध्ये. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: या लोकांत जे सगळ्यात जास्त दारू पितात ते सगळ्यात जास्त जगतात, कारण ते कामावर सगळ्यात कमी येतात.

अण्णा ऐकत होते. बाहेर पाणी पडत होतं. मग ते म्हणाले, "आमच्याकडे पंखा दोन वर्षं बंद होता."

पंखा म्हणजे धूळ ओढून घेणारा. तो कारखान्याच्या फाउंड्रीत, फेटलिंगच्या खात्यात होता. बीडाचा जॉब साच्यातून निघाला की त्याला वाळू चिकटलेली असते, ती दगडाने घासून काढायची. अण्णांचे एक जोडीदार, आमच्याच गल्लीत राहणारे परभणीकडचे काका, तिथे होते. मला ते आठवतात ते त्यांच्या खोकल्यासकट. पंख्याची मोटर जळाली, मागणीपत्र गेलं, पुन्हा गेलं, मोटर काही आली नाही. काकांना आधी टीबीची औषधं दिली. सहा महिने, मग परत सहा महिने. बावन्नाव्या वर्षी गेले. "त्यांनी घासलेल्या जॉबवर पुढं आम्ही मशिनिंग करायचो," अण्णा म्हणाले. "त्यांचा हात असा होता की आमच्याकडे येईपर्यंत वाळूचा कण सापडायचा नाही."

तीस वर्षांत त्यांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या भाषांतराची वाट बघत उभ्या असलेल्या आजोबांना मी काय आणि कसं सांगितलं ते मला आठवत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली एवढं आठवतं.

शेफील्डमध्येही धूळ ओढणारे पंखे आले, पण सगळ्यांनी ते आनंदाने लावले असं नाही. काही कामगारांचाच विरोध होता. आयुष्य वाढलं तर या धंद्यात माणसं वाढतील आणि मजुरी पडेल, असं त्यांना वाटे. पूर्वी हे वाचलं तेव्हा मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. त्या खोलीत, अण्णांच्या शेजारी उभं राहून तसं वाटलं नाही. पोटाचा हिशेब छातीच्या हिशेबाच्या आधी करावा लागतो, तेव्हा माणूस असाच विचार करतो. याच लोकांच्या संघटना पुढे हिंसक झाल्या. वर्गणी न देणाऱ्याच्या दगडाचा पट्टा रात्रीतून गायब करायचा, म्हणजे सकाळी काम बंद; कधी कधी बंदुकीची दारूही उडवायची. १८६७ मध्ये सरकारला त्याची चौकशी बसवावी लागली.

चार दिवसांनी मी रजा काढली आणि आम्ही ॲबिडेलला गेलो. हे शीफच्या काठी, आणि शेफर्ड व्हीलपेक्षा कितीतरी मोठं. पोलाद वितळवण्यापासून धार लावण्यापर्यंत सगळं एका अंगणाभोवती. मोठे घण उचलणारं चाक, भात्याचं चाक, धार लावायचं दालन, कामगारांच्या खोल्या, हिशेबाची कचेरी. घणांच्या इमारतीवर १७८५ साल कोरलेलं आहे. उभ्याने गवत कापायची लांब दांड्याची पाती इथे घडवत, मध्ये पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांनी मऊ लोखंड, म्हणजे धार टिकते आणि पातं तुटत नाही. १९३३ मध्ये काम थांबलं, १९७० मध्ये संग्रहालय झालं. इथल्या धार लावायच्या दालनातही १८४२ साली स्फोट झाला होता, तसल्याच भांडणातून.

पण अण्णा गुंतले ते मुशीच्या भट्टीत. मूस म्हणजे पोलाद वितळवायचं मातीचं भांडं. इतकी शाबूत राहिलेली अशी भट्टी जगात दुसरी नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलाद कमी पडलं तेव्हा ती पुन्हा पेटवली होती. ही रीत बेंजामिन हंट्समन या घड्याळजीची, १७४० च्या दशकातली. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकजीव पोलाद हवं होतं. तेव्हाचं पोलाद एकीकडे कडक, एकीकडे मऊ. त्याने ते तुकडे करून मातीच्या मुशीत घातलं, दगडी कोळशाच्या कोकवर तीन-चार तास सोळाशे अंशांच्या आसपास तापवलं आणि पाण्यासारखं पातळ करून साच्यात ओतलं. भट्टीतून मूस उचलणारा माणूस पायांना पाण्यात भिजवलेली गोणपाटं गुंडाळून तिच्यावर उभा राहायचा. पंचवीसेक किलो पोलाद, पांढरं तापलेलं, चिमट्यात धरून सरळ वर. आणि मूस जेमतेम तीनदा वापरली की संपली, म्हणून नव्या मुशी रोज घडवत राहायच्या. त्यांची माती तुडवायचा माणूस अनवाणी तुडवायचा. तासन् तास. आत हवेचा बुडबुडा किंवा बारीक खडा राहिला तर मूस भट्टीत फुटेल, आणि तो खडा बुटाला कळत नाही, पायाच्या बोटांनाच कळतो.

"गोरोबाकाका," अण्णा पुटपुटले. तेरच्या गोरोबांचं नाव त्यांच्या तोंडी सहज येतं, आमच्या घरात वारी होती. माती तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात बुडालेला तो कुंभार आणि पायाखाली आलेलं त्याचं तान्हं मूल, ही गोष्ट मी त्यांच्याच मांडीवर ऐकली आहे. त्या अंधाऱ्या खोलीत, दगडी फरशीवर तुडवायच्या मातीच्या जागेसमोर त्यांनी वहाणा काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ नुसते उभे राहिले.

मी त्यांना तिथेच वुट्झची हकीकत सांगितली. हंट्समनच्या कित्येक शतकं आधी दक्षिण भारतात मुशीत पोलाद होत होतं. लोखंड आणि झाडपाला मातीच्या लहान मुशीत घालायचा, तोंड लिंपून बंद करायचं आणि भट्टीत ठेवायचं. कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात, त्याचंच इंग्रजांनी वुट्झ केलं असं मानतात. मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत हेलेनस स्कॉट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १७९४ च्या सुमारास या पोलादाचे गोळे लंडनला, रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला; त्याच्या मथळ्यातच म्हटलं आहे की हे पोलाद मुंबईत बनतं आणि तिथे त्याला वुट्झ म्हणतात. मुंबईत ते बनत नव्हतं, मुंबईहून फक्त जहाजात चढलं होतं. पुढे मायकेल फॅरडेसारख्या माणसाने त्याचं गूढ उलगडायला वर्षं घातली. ज्यांनी ते गोळे केले त्यांची नावंही कुठे नाहीत.

"मुंबईहून इकडं पोलाद आलं होतं?" अण्णांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ठिणगी बघायला पाहिजे होती त्याची."

येताना गाडीत ते शब्दांवर बोलत राहिले. पोलादाला पाणी देणं, पाणी पाजणं, म्हणजे लालबुंद पातं पाण्यात बुडवून कडक करणं. आणि विळा पाजवणं म्हणजे दगडावर धार लावणं. लहानपणी गावात शिकलगार यायचे. त्यांचे पूर्वज तलवारी पाजवायचे, ते स्वतः विळे-कोयते. आजी दारात विळ्यांचा ढीग काढून ठेवायची, आणि शिकलगाराला आधी पाणी, मग गूळ, मग काम. धार लावून झाली की ती विळ्याच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवून बघायची आणि काही न बोलता पायलीभर ज्वारी मापून द्यायची.

घरी आल्यावर अण्णांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या काढल्या. सुपरमार्केटमधल्या, बोथट, टोमॅटो चेंगरणाऱ्या. फडताळातून चहाचा जाड कप घेतला, ओट्यावर पालथा घातला. कपाच्या बुडाला जिथे चकाकी नसते तिथली खरबरीत कडा पाण्याने ओली केली. सुरी तिच्यावर तिरकी टेकवली, एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, सारख्या दाबाने, घाई न करता. खर्र खर्र असा बारीक आवाज. कपाच्या कडेवर काळपट ओघळ उतरू लागला. त्यांनी तो बोटावर घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि मग नखावर पातं टेकवून धार पाहिली.

"पुढची दे," म्हणाले.